नमुना चौदा

एरंडोलच्या तहसील कचेरीत, मागच्या खोलीत,
जिथे पंख्याचा आवाज जास्त, वारा कमी,
मी मोडी वाचतो.
काही वर्षांपूर्वी मला चहालासुद्धा कुणी विचारत नव्हतं.
आता दारात रांग. प्रत्येकाला हवा आहे
आपला एक मेलेला माणूस,
शाईत, जातीसकट.

आज लोटन आबा आला, अंजनीच्या पलीकडून,
सोबत नातू, नातवाच्या काखेत प्लास्टिकची फाईल.
"मना आजा," आबा म्हणाला, "मानमोडीमा गया."
साल? तारीख?
तो माझ्याकडे बघत राहिला.
त्यांच्या घरात मानमोडी हेच साल.

रुमाल सोडला. कोतवाल बुक काढलं.
कसरीने कडा खाल्लेल्या, मधलं शाबूत.
पावसाळ्यापर्यंत पानं सुस्त,
आठवड्याला एखादं मरण,
आणि कारणं ऐसपैस: पान लागून. विहिरीत पडून.
बाळंतरोग. एका ठिकाणी नुसतं, म्हातारपण.
लिहिणारा विसाजी त्र्यंबक. अक्षर गोल, बिनघाईचं.
मोडीत आधी आडवी ओळ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची.
तो एक ओळ ओढी, एक माणूस टांगी,
टाक पुसून घरी जाई.

ऑक्टोबरात कारणाच्या रकान्यात आलं: ताप.
खाली: सदर.
खाली: सदर.
सदर.
विसाजीने आता एकेक ओळ ओढणं सोडलं.
पानभर ओळी एकदम ओढून ठेवल्या,
मग पुढच्या पानावरही,
त्याच्याही पुढच्या.
माणसं अजून घरात कण्हत होती, कुणी पाणी मागत होतं,
त्यांच्या ओळी इथे वाळून तयार.

एका पानाच्या मध्यावर अक्षर बदलतं.
तिरकं, काटेरी, शाळा अर्धवट सोडलेलं अक्षर.
ओळ विसाजीचीच.
तिला टांगलेलं पहिलं नाव:
विसाजी त्र्यंबक, वय एकतीस, सदर.

त्याच्या खाली सातवा, लोटन आबाचा आजा.
सुका वल्द राघो. वय सव्वीस.
त्याच्या आधी दोन ओळी:
सुक्याची मुलगी, चार. सुक्याचा मुलगा, दीड.
मी वाचलं. नातवाने मोबाइलवर फोटो काढला,
एक हलला म्हणून दुसरा काढला.
काम झालं होतं.

आबा उठेना.
"मना बाप तठे शे का?"
तो मेलेल्यांत नव्हता. जन्मांत होता,
पुढच्या चैत्रात, बाप नसलेल्या घरात.
त्या वर्षीचे जन्म मी मोठ्याने वाचत गेलो:
कचरू. भिका. दगडू. धुडकू.
नथ्थू, म्हणजे नाक टोचून मुलगी भासवलेला.
पुन्हा कचरू. फकिरा. उखर्डू.
"हाऊच," आबा म्हणाला.
आईने सुपात घालून उकिरड्यावर ठेवला होता,
शेजारणीने पसाभर बाजरीला विकत घेतला,
आणि संध्याकाळी दूध पाजायला परत दिला.
सगळं गाव असं लेकरांवर घाण फासत होतं,
हातात आला तरी त्याने किळस येऊन टाकून द्यावा म्हणून.
उखर्डू एक्याऐंशी वर्षं जगला.

नातवाने फाईल उघडली. मान खाली.
वंशावळीत पणजोबाच्या जागी
त्याने टाइप करून आणलं होतं: उदय.
"पुराव्याशी नाव जुळायला हवं," मी म्हटलं.
मी नियमच सांगत होतो.
त्याने पेन मागितलं.
खोडलं. वर लिहिलं, बारीक अक्षरात,
'र्ड' लिहिताना जरा अडला.

रुमाल बांधायच्या आधी आबाने
पान उलटलं, न विचारता.
तिथे ओळी होत्या, नुसत्या ओळी,
विसाजीच्या हातच्या, सरळ, समान अंतराच्या.
त्यांना काहीच टांगलेलं नाही.
"ह्या कोन्या?"
मी मोजल्या. तेवीस.
कुणाच्याच नाहीत, आबा.
त्याचा अंदाज तेवीसने चुकला.

आबाने पहिल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं
आणि शेवटपर्यंत नेलं, कागदाच्या कडेपर्यंत,
जिथे कसर लागली होती.
"बरं जयं," म्हणाला. "बंद कर आते."